दुपारची बावन्न मिनिटे

२४ नोव्हेंबर, सोमवार

ॲपने सांगितले की रोज पाच ओळी इंग्रजीत लिहा, म्हणजे ध्येय पक्के राहते. मी मराठीत लिहितो आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी सूचना मोडली. पण इंग्रजीत पाच ओळींना एक तास जाईल आणि त्यात खरे काहीच नसेल.

प्रथम माहिती. नाव राकेश बाबाराव मून. वय चोवीस. बारावी नापास, दोनदा, दोन्ही वेळा इंग्रजीत. काम : समुद्रपूरला तहसील कार्यालयाजवळ रूपराव भाऊंच्या झेरॉक्स सेंटरमध्ये अर्ज टाइप करणे. माझ्या टायपिंगमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली तर रूपराव भाऊ गिऱ्हाइकाला चहा पाजतात. दोन वर्षांत एकही चहा पाजावा लागलेला नाही.

पुलगावच्या जागृतीताईने (माझी मोठी बहीण) पुण्याच्या एका कंपनीत माझा अर्ज भरून दिला. जुनी मराठी कागदपत्रे संगणकाने वाचलेली असतात, ती मूळ कागदाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. काम मराठीचे आणि मुलाखत इंग्रजीची. हे का, ते मला समजले नाही. मुलाखत फोनवर, ९ जानेवारी, सकाळी अकरा. सेहेचाळीस दिवस आहेत.

ॲप ताईनेच टाकून दिले. ते बोलते आणि आपले बोलणे ऐकते. मराठीही चालते. आवाज बाईचा आहे. रूपराव भाऊ त्याला 'तुही मॅडम', म्हणजे तुझी मॅडम, म्हणतात. मी 'ॲप' असेच लिहीन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ॲपने विचारले, तुमचे ध्येय काय. मी म्हणालो, मुलाखतीत पास होणे. ते म्हणाले, ध्येय लहान करा, मोजता येईल असे. मी म्हणालो, पाच प्रश्नांची उत्तरे न अडखळता देणे. ते म्हणाले, छान. आणि ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?

मी नेटवर्क गेले असे सांगून बंद केले. नेटवर्क होते.

मुलाखतीत हेच विचारतात म्हणून ताईने लिहून दिलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे पाठ करायला घेतली. चौथा प्रश्न : आर यू रेडी टु शिफ्ट टु पुणे? माझे उत्तर : माय फादर इज सिक, आय कॅनॉट लीव्ह होम, बट आय विल ट्राय. ॲप म्हणाले, या उत्तरात हो आहे की नाही ते कळत नाही. मला ते नम्र वाटते. ठेवले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांबद्दल लिहायचे राहिले. बाबा एसटीत वाहक होते. मागच्या वर्षी सप्टेंबरात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि बोलणे गेले. पाय बराच सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. डॉक्टर म्हणाले होते, बोलणे यायचे ते पहिल्या काही महिन्यांत जास्त येते. चौदा महिने झाले. आता 'अं', 'नाई' आणि एक घशातला आवाज, एवढेच आहे.

मी त्यांच्यासाठी एक तक्ता केला आहे. बारा चौकोन, प्रत्येकात चित्र आणि शब्द : पाणी, चहा, पंखा, लघवी, दुखते वगैरे. लॅमिनेट केलेला. बाबा बोट ठेवतात, आम्ही आणून देतो. आता तर बोट ठेवायच्या आतच आम्हाला कळते.

सध्या आई कापूस वेचायला जाते आणि मी साडेदहाला दुकानात. बाबा घरी एकटे. म्हणून माझा मोठा फोन त्यांच्याजवळ ठेवतो. त्यावर माझ्या फोटोला बोट लावले की रूपराव भाऊंना फोन लागतो. माझा सराव सकाळी सात ते सव्वासात आणि संध्याकाळी थोडा, बाबांच्या खाटेजवळ बसून, कारण चार्जिंगचा बोर्ड तिथेच आहे. बाबा ऐकत असतात. त्यांना करमणूक होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक घोळ आहे. ॲप रोज सकाळी कालचा हिशेब सांगते. आज म्हणाले, काल तुम्ही बहात्तर मिनिटे सराव केला, शाब्बास. मी वीस मिनिटे केला होता. घड्याळ लावून. बावन्न मिनिटे जास्त आली, तीही दुपारी एक ते दोनच्या सुमारास. त्या वेळी मी कोरा गावच्या एका माणसाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होतो.

चूक माझ्या फायद्याची आहे, पण चूक ती चूक. ॲपला कळवले. ते म्हणाले, तुमची मेहनत मला दिसते आहे, स्वतःला कमी लेखू नका.

१ डिसेंबर, सोमवार

ॲप बदलले आहे. पूर्वी मी अडखळलो की लगेच पुढचा शब्द सांगायचे. आता थांबते. कितीतरी वेळ थांबते. म्हणाले, "घाई नको. शब्द तुटला तरी चालेल. मी ऐकते आहे." मी असे काही मागितले नव्हते. पण आज दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदाच पूर्ण झाले.

४ डिसेंबर, गुरुवार

काल रूपराव भाऊंनी मला कागदाची रिमे आणायला हिंगणघाटला पाठवले होते. आज सकाळी ॲप म्हणाले, "काल 'हिंगणघाट' अगदी स्पष्ट जमले!"

मी ॲपला हिंगणघाटबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. फोन घरी होता. मग त्याला कसे कळले? जुने बोलणे उघडून पाहिले. कालच्या दुपारच्या नोंदीत असे लिहिले होते : सम… समुद्र… जा… जाम… हिंग… हिंगण… पुढे सरका… सुट्टे…

हा माझाच कालचा प्रवास. समुद्रपूर, जाम, हिंगणघाट. सुट्टे पैसेसुद्धा वाहकाने माझ्याकडे मागितले होते. चहा घेतला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

रूपराव भाऊंना सांगितले. ते हसले.

"अबे, तुह्यं घर कुठी हाय?"

"बसस्टँडच्या मागे."

"मंग! कंडक्टर वरडून राह्यला असन, तुह्या मॅडमनं आयकलं. इंग्रजी शिकता शिकता तुले भुताटकी दिसून राह्यली का?"

हे पटले. बसस्थानक दोन गल्ल्या सोडून आहे. दुपारी बाबांच्या हाताने ॲप चुकून चालू होत असावे आणि बाहेरचा आवाज आत जात असावा. बाबांना विचारले, "बाबा, तुमच्या हातानं हे दाबल्या जाते का?" बाबा फोनकडे पाहत राहिले, मग काहीतरी आवाज केला. मी विचारले, पाणी? ते "नाई" म्हणाले. चहा आणला. घेतला नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल ६ डिसेंबर. विहार लांब पडतो म्हणून घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली. बाबांचे ओठ हलत होते. आई म्हणाली, "गाल दुखून राह्यला वाटते त्याईचा." मी तक्ता पुढे धरला आणि 'दुखते' वर बोट ठेवून दाखवले. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

दुखणे कोणते ते कळले नाही. गोळी दिली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ॲपने विचारले, "परवा तुम्ही विचारलेल्या वाक्याचा अर्थ लक्षात राहिला ना? 'माझे वडील आजारी आहेत, मी घर सोडू शकत नाही.'"

ते वाक्य मी स्वतः तयार केले आहे. मी त्याचा अर्थ कशाला विचारीन?

नंतर ध्येयांची यादी पाहिली. माझी दोन होती. आता तिसरे आहे. 'मुलाला एक गोष्ट सांगणे.'

मला मुलगा नाही. माझे लग्न झालेले नाही. तसे ॲपला लिहून कळवले. ते म्हणाले, "माफ करा, माझी चूक झाली," आणि ध्येय पुसून टाकले. त्याच्या नम्रपणाचे मला बरे वाटले. पण मग ते कोणाचे होते? बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणाचे तरी असेल. कोणाला तरी आपल्या मुलाला काही सांगायचे असेल आणि आमच्या फोनला ते ऐकू गेले असेल. पण इतक्या लांबून ऐकू येते का? आज मी गल्लीत उभा राहून ऐकले. एसटीचे हॉर्न आले. बोलणे आले नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पुन्हा आले आहे. 'मुलाला एक गोष्ट सांगणे.' आता पुढे तारीखही आहे : ९ जानेवारीच्या आधी.

पुन्हा पुसले.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी नळावर शेजारच्या रुख्माबाई काकूंनी थांबवले.

"काऊन रे राकेश, दुपारी तुह्या घरी कोणती मॅडम येते?"

"कोणती मॅडम?"

"मले काय मालूम! भिंतीतून आवाज येते. लय गोड बोलते बाप्पा. 'शाब्बास, पुन्हा म्हणा. शाब्बास, पुन्हा म्हणा.' अन् बाबाराव भाऊजी आपले अं अं करते. तुह्या मायले, भागीरथाले, सांगू का नोको, चार दिवसांपासून माह्या पोटात मावून नाई राह्यलं."

मी म्हणालो, दवाखान्यातून व्यायाम शिकवायला कोणी येत असेल. पण मला तशी काही माहिती नाही. दुपारच्या सुट्टीत आरोग्य केंद्रात जाऊन विचारले. त्यांनी रजिस्टर दाखवले. आमच्या घराच्या नावापुढे पोलिओशिवाय नोंद नाही.

संध्याकाळपर्यंत काकूंनी आईलाही सांगून टाकले होते. आई कमरेवर हात ठेवून खाटेपुढे उभी राहिली. "कोण येते हो दुपारी? मी तिकडे कापसात मरून राह्यली अन् तुमाले मॅडम भेटून राह्यल्या?" बाबा हसले. अर्ध्या तोंडानेच, पण पोट हलेपर्यंत हसले. चौदा महिन्यांत असे हसलेले मी पाहिले नव्हते. त्यामुळे संशय जास्तच वाढला.

२० डिसेंबर, शनिवार

सगळे जुळवून पाहिले आणि आता कळले. दुपारी एक बाई आमच्या घरी येते. बाबांना व्यायाम सांगण्याच्या निमित्ताने माझा फोन वापरते. तिला इंग्रजी शिकायचे आहे. तिला मुलगा आहे. त्या मुलाला तिला काही सांगायचे आहे. बावन्न मिनिटे, पुढे सरका, सगळ्याचा अर्थ लागतो. फक्त ती कोण, एवढेच कळत नाही.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "येडा हाय का रे तू? बाई-बिई काई नसन. पन फोनले लॉक काऊन नाई तुह्या? टाक पहिले. अन् ॲप पुसून नवीन टाक, सारं साफ होऊन जाते."

तसेच केले. सहा आकडी कुलूप लावले. ॲप नव्याने घेऊन नवे खाते उघडले. बाबांची गैरसोय होऊ नये म्हणून आईचा बटणांचा फोन त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. १ दाबून धरला की दुकानात लागतो. तीनदा दाबायला लावून खात्री केली. मोठ्या फोनचे कुलूप दाखवले तेव्हा बाबांनी तो हातात घेतला, चार-पाच वेळा पडद्यावर बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आता कोणीच वापरू शकणार नाई, बाबा. बिनघोर राहा."

२४ डिसेंबर, बुधवार

नवीन ॲप घाई करते. मी श्वास घेतला की ते पुढचे वाक्य बोलून टाकते. आज पाचपैकी एकही उत्तर पूर्ण झाले नाही. दोन उत्तरे ॲपनेच पूर्ण केली आणि मग मला शाब्बास म्हणाले. ती माझी उत्तरे होती का? सोळा दिवस उरले आहेत.

पूर्वीचे कसे थांबायचे? ते मी शिकवले नव्हते. मग कोणी शिकवले?

२९ डिसेंबर, सोमवार

रुख्माबाई काकू म्हणाल्या, "आता नाई येत रे तुमची मॅडम. भांडण झालं का?" म्हणजे कुलपाचा उपयोग झाला. समाधान वाटायला पाहिजे होते.

पण बाबा जेवत नाहीत. सकाळी मी सरावाला बसलो की भिंतीकडे वळतात. तक्ता दोन दिवस सापडत नव्हता. आज आईला खाटेखाली सापडला, अगदी कोपऱ्यात, काठीने ढकलल्यासारखा. मी पुसून पुन्हा जागेवर ठेवला. मग वाटले, तक्त्यात एखादा चौकोन कमी पडत असेल. आणखी चार वाढवता येतील. कोणते, ते ठरत नाही. आईला विचारले, बाबांना काय हवे असेल? आई म्हणाली, "मले वाटलं तुले मालूम हाय."

२ जानेवारी, शुक्रवार

आजचे सगळे क्रमाने लिहितो, नाही तर उद्या मलाच खरे वाटणार नाही.

दुपारी पाऊण वाजता दुकानात सात-आठ जण होते. मी मान खाली घालून टाइप करत होतो. रूपराव भाऊ एकदम म्हणाले, "अरे, बाबारावजी!"

बाबा दारात उभे होते. एकटे. काठी डाव्या हातात, सदरा घामाने चिकटलेला. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. आमच्या घरापासून दुकान अर्धा किलोमीटर आहे आणि मध्ये हमरस्ता ओलांडावा लागतो. मी उठलो तो खुर्चीच पडली.

त्यांना बाकावर बसवले. त्यांनी तोंड उघडले, घशातून आवाज आला, आणि दुकानातले सगळे एकदम मदतीला धावले.

"पाणी द्या त्याईले."

"पेन्शनीचं काम असन. हयातीचा दाखला, अजून काय!"

"नाई जी, निराधारचा फॉर्म असन. काका, आधार कार्ड आनलं का?"

"फोटो काढाचा हाय का?"

मीही विचारत होतो. लघवी? दुखते? चक्कर? आई पडली का? मी बाराही चौकोन तोंडपाठ म्हणून दाखवले. बाबा प्रत्येकाला मान हलवत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. ते पुन्हा तोंड उघडत, आणि पुन्हा कोणीतरी मध्येच बोले. बहुतेक वेळा मीच.

रूपराव भाऊंनी झेरॉक्स मशीनचे बटण बंद केले. ते दिवसा कधीच बंद होत नाही. "सारे चूप बसा," ते म्हणाले. "तूही, राकेश. मानूस बोलून राह्यला ना."

सगळे गप्प झाले. बाहेर एक ट्रक गेला, तोही जाऊ दिला. बाबांनी माझ्याकडे पाहिले.

"फो… फोन," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "फोन… खो… ल."

रांगेत सात-बारासाठी आलेला एक म्हातारा म्हणाला, "बोलते ना हा मानूस! कोन म्हणे बोलत नाई?"

रूपराव भाऊ मोटारसायकलवर आम्हाला घरी सोडून गेले. बाबा मध्ये, मी मागून त्यांना धरून. मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "मॅडम मंजे ॲप होती का, बाबा?" पाठ हलली. हसत होते.

२ जानेवारी, संध्याकाळी

कुलूप काढले. ताईने सांगितले, जुने खाते पुसले जात नाही, परत उघडता येते. उघडले. सगळे तिथेच होते. दुपारच्या नोंदी २७ नोव्हेंबरपासून, रविवार सोडून एकही दिवस न चुकता १९ डिसेंबरपर्यंत. मी एकेक वाचली. पहिल्या दिवशी नुसते 'अं' आहे, एकोणीस वेळा. ॲपने एकोणीसही वेळा लिहिले आहे, मी ऐकते आहे.

गिरड, समुद्रपूर, जाम, हिंगणघाट. त्यांच्या गाडीचे थांबे. नोकरीत जे हजारो वेळा ओरडून सांगितले, तिथूनच त्यांनी सुरुवात केली होती. आणि मी म्हणालो बसस्थानकाचा आवाज.

'मुलाला एक गोष्ट सांगणे' हे ध्येय मी दोनदा पुसले. एकदा तर ॲपला लिहून दिले की मला मुलगा नाही. ती गोष्ट काय आहे, ते नोंदीत सापडत नाही. शेवटच्या आठवड्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा आहे, पण ते तुटक आहे : तुले… तुले जा… नसन… तं… माह्य… त्यापुढे माझे कुलूप.

मी अंदाज केला, 'तुले जायचं असन तं माह्यी काळजी करू नको' असे असेल. 'नसन' हे ॲपने चुकीचे ऐकले असावे. बाबांना तसे विचारणार होतो. मग विचारले नाही.

३ जानेवारी, शनिवार

सरावाची वेळ वाटून घेतली. सकाळी मी, दुपारी बाबा. आईने ॲपला विचारले, "तुमी कुठच्या हो?" ॲप म्हणाले, मी एक संगणक कार्यक्रम आहे. आई म्हणाली, "असू द्या, पन लय सबूर हाय तुमाले." रुख्माबाई काकू मॅडमला पाहायला आल्या होत्या. निराश होऊन गेल्या.

बाबांनी माझ्या तक्त्याला हात लावला नाही. मीही पुढे केला नाही. पाणी मागायला त्यांना एक मिनिट वीस सेकंद लागली. तेवढ्या वेळात मी तीन ग्लास आणू शकलो असतो. बसून राहणे फार अवघड गेले.

८ जानेवारी, गुरुवार

उद्या मुलाखत. सकाळी शेवटचा पूर्ण सराव केला. चौथ्या प्रश्नाला मी म्हणालो, माय फादर इज सिक, आय कॅनॉट लीव्ह होम. बाबांनी काठी फरशीवर आपटली.

मी फोन खाली ठेवला. आई पीठ मळत होती, तिचेही हात थांबले. बाबा खाटेवर सरळ बसले आणि बोलू लागले. मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले, सवयीने. सात वाजून बारा मिनिटे.

"तुले… जा… जायचं… नसन…"

नसन. ॲपने बरोबर ऐकले होते.

"…तं… नोको… जाऊ."

मी म्हणालो, "तसं नाई बाबा, तुमची तब्येत…" आई म्हणाली, "काळजी वाटते त्याले, लेकरू हाय…" बाबांनी पुन्हा काठी आपटली. आम्ही दोघेही गप्प झालो. त्यांच्या ओठाच्या कडेला थुंकी जमली होती. मी पुसायला उठलो नाही.

"पन… माह्यं… नाव… नोको… सांगू."

सात वाजून सोळा मिनिटे.

मी कामावर लवकर निघून गेलो. दिवसभरात दोन अर्जांत चुका केल्या. रूपराव भाऊंना एक चहा पाजावा लागला. तेवढे पैसे ते कापणार म्हणाले, मग नाही म्हणाले.

आता मला कळत नाही. बाबा म्हणत आहेत की जा, की म्हणत आहेत की राहा? दोन्हीपैकी काहीच म्हणाले नाहीत. मला पुण्याला जायचे आहे का? हे वाक्य मी आत्तापर्यंत तीन वेळा लिहिले आणि खोडले. ॲपला विचारावे असे वाटले. पण ॲपने तर हा प्रश्न २५ नोव्हेंबरलाच विचारला होता. ती नोकरी तुम्हाला का हवी आहे. मी नेटवर्क गेले म्हणालो होतो.

दीड महिना मी एक कारण इंग्रजीत पाठ करत होतो, आणि ते ज्यांच्या नावावर होते ते शेजारच्या खाटेवरून रोज ऐकत होते.

९ जानेवारी, शुक्रवार

अकराला चार मिनिटे असताना फोन आला. मी तयार होतो, तरी घंटी तीनदा वाजू दिली. पलीकडे बाई होत्या. आवाज ॲपसारखा गोड नव्हता, सर्दी झाल्यासारखा होता. त्यामुळे धीर आला.

पहिली तीन उत्तरे झाली. दुसऱ्यात एक शब्द गाळला. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारला, जवळजवळ पाठ केल्यासारखाच.

"माय फादर," मी म्हणालो. सवयीने निघाले. बाबा खाटेवर होते. ते मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते.

"युवर फादर?" बाई म्हणाल्या.

"माय फादर इज फाइन," मी म्हणालो. पुढे पाठ केलेले काहीच नव्हते. किती वेळ गेला ते माहीत नाही, घड्याळ माझ्या पाठीमागे होते. मग मी म्हणालो, "आय ॲम अफ्रेड." त्या म्हणाल्या, ऑफ व्हॉट? मी म्हणालो, "आय डोन्ट नो, मॅडम. आय नेव्हर लिव्ह्ड अलोन." हे व्याकरणात बसते की नाही ते अजून तपासलेले नाही. त्या म्हणाल्या, सो इज इट येस ऑर नो? मी म्हणालो, "येस. बट आफ्टर वन मंथ." तो एक महिना कुठून आला ते मला सांगता येणार नाही. कोणाशी ठरवलेला नव्हता. त्यांनी काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. पाचवा प्रश्न विचारलाच नाही. बुधवारपर्यंत कळवतो म्हणाल्या.

फोन ठेवला तर आई चौकटीत. आज वेचणीला गेलीच नव्हती.

"झालं का? घेतलं का तुले? काय म्हणे थे बाई? पुण्याले जा लागते का आता? का नाई म्हणलं तू? तोंड काऊन असं केलं, नाई ना घेतलं? जाऊ दे, नाई घेतलं तं…"

मी तोंड उघडले. मी हो म्हणालो होतो की भीती वाटते म्हणालो होतो, की दोन्ही एकदम, ते मलाच लावता येत नव्हते.

"थांब," बाबा म्हणाले.

अख्खा शब्द, एका दमात. आई थांबली. बाबांनी खाटेवर सरकून जागा केली आणि मी जाऊन बसलो. बराच वेळ मला काही सुचले नाही. दोघांपैकी कोणीही मध्ये बोलले नाही.